उजेडाआधीचा सूर

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. सध्या माझा मुक्काम येरवड्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, खिडकीपासून जरा लांब असतो. अंगावर जाड सुती कापड असतं. खाली रिक्षांचा आवाज चाललेला असतो, पण दुपारी घर शांत झालं की मला गुंगी येते आणि फार जुनी शाळेची घंटा ऐकू येऊ लागते. ती घंटा आता असेल की नाही, देव जाणे.

माझा जन्म पुण्याचाच, नारायण पेठेतल्या एका चिंचोळ्या दुकानातला. सागाचं अंग, कातडी लावलेला भाता, आणि आत पितळेच्या बारीक जिभा. या जिभांना कारागीर सूर म्हणतात. माझे सूर ज्यांनी कानाला लावून लावून घासले, ते कारागीर मोठे फटकळ होते. पेटी चांगली वाजेल ना, असं एका गिऱ्हाइकाने विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते की पेटी वाजेल, आपलं काय ते आपण बघा. असल्या माणसाने मला घडवलं, म्हणून मीही थोडी स्पष्टवक्ती आहे. रागावू नका.

एकसष्ट साली वऱ्हाडातल्या एका लहान गावच्या हायस्कूलने मला विकत घेतलं. गवताच्या पेंढ्यात गुंडाळून मी रेल्वेने गेले. तिथे मराठी आणि गायन शिकवणारे यज्ञेश्वर सर होते, अगदी पोरसवदा, नुकतेच लागलेले. त्यांनी मला उघडलं, पट्ट्यांवरून हलका हात फिरवला आणि घरचं माणूस आल्यासारखं बाजूला बसवून घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

काय दिवस होते ते! पंधरा ऑगस्टला सर मला पट्ट्याने गळ्यात अडकवत आणि प्रभातफेरी साऱ्या गावातून फिरे. ओट्यांवरच्या बाया हातातलं काम टाकून बघत बसत. स्नेहसंमेलनाला मुलं आईच्या लुगड्यांचा पडदा करत, आणि एकदा ऐन नाटकात तो पडदा राजासकट खाली आला. मुली हस्तलिखितात वेलबुट्ट्या काढत, मुलं लेझीम घुमवत, पावसाळ्यात सगळी शाळा ओल्या गणवेशांच्या वासाने भरून जाई. मी कोपऱ्यात बसून सगळं पाहत असे. मला सगळ्यांचे आवाज पाठ होते. नावं विसरायचे, आवाज नाही.

सकाळची प्रार्थना सरांनी स्वतः रचली होती. तिच्यात एक ओळ होती, 'दार उघड, उजेडा, आम्ही उभे अंगणी.' मुलं 'दार उघड' म्हणून थांबत. मग मी एकटीच एक सूर देई, कोमल निषाद. तो सूर हवेत तरंगत असतानाच सगळ्यांच्या आधी एक मुलगी 'उजेडा' म्हणे आणि तिच्यामागे चारशे मुलं. पोस्टातल्या भीमरावांची जया ती. मला शाळेत येऊन सोळाएक वर्षं झाली, तेव्हा ती नववीत होती. तिचा आवाज असा होता की शाळेबाहेरचा सायकल दुरुस्तीवालासुद्धा हातोडी खाली ठेवायचा. आधी माझा सूर, मग तिचा. आम्हा दोघींचं ठरूनच गेलं होतं.

जयाला एक खोड होती. कुठलीही गोष्ट आतून बघायची. एका मधल्या सुट्टीत ती गायनाच्या खोलीत आली. आत कुणी नव्हतं. तिने माझं वरचं झाकण काढलं, तीच पट्टी दाबली, मागे उघडलेल्या फटीत डोकावली आणि सूर येतो कुठून ते पाहायला कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोक आत घातलं. बारीकसा आवाज झाला. जीभ तुटली होती. कर्कटकाचं टोकही आतच राहिलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने झाकण लावलं, ओढणीने ते पुसलं आणि पळत गेली. मला दुखलं, मित्रांनो. पण तिचा चेहरा बघून त्याहून जास्त दुखलं.

दुसऱ्या दिवशी 'दार उघड' झालं, सरांनी पट्टी दाबली आणि माझ्यातून फक्त वारा निघाला. म्हाताऱ्याने सुस्कारा सोडावा तसा. मुलं गोंधळली, मग कशीतरी पुढे गेली. मुख्याध्यापक तावातावाने आले. कोणी मोडली पेटी, असं त्यांनी विचारलं. जया पहिल्या रांगेत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तेव्हा सर म्हणाले, "माझ्याच हातून मोडली, साहेब."

मग काय, मुख्याध्यापकांनी दुरुस्तीला साफ नकार दिला. तुम्ही बिघडवली, तुम्हीच वाजवा, असं ते सगळ्यांसमोर बोलले. सरांनी मान खाली घातली आणि मला वाजवत राहिले, पुढची वीस वर्षं.

आणि जयाने तोंड शिवून घेतलं. प्रार्थनेला ती शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहू लागली. समूहगीतातून तिने नाव काढून घेतलं. आई आजारी आहे, घसा धरलाय, अभ्यास आहे, रोज नवं कारण. पण रोज सकाळी 'दार उघड' झालं की सर ती मेलेली पट्टी दाबतच. टाळत नसत. पट्टी दाबायचे आणि मान वर करून शेवटच्या रांगेकडे बघायचे. जया जमिनीकडे बघायची. मला सगळं ठाऊक होतं आणि मला सांगता येत नव्हतं. जे वाजायचं होतं तेच तर तुटलं होतं.

मॅट्रिक होऊन जया गाव सोडून गेली. तिच्यामागून आलेल्या मुलांना माझा तो सूर माहीतच नव्हता. त्यांना वाटे, प्रार्थना अशीच असते, उजेड म्हणण्याआधी एक श्वास थांबायचं असतं. पोरांच्या कित्येक पिढ्या तसंच थांबत मोठ्या झाल्या.

पुढे सर निवृत्त झाले आणि मुलीकडे पुण्याला, बिबवेवाडीला गेले. शाळेत प्रार्थनेची कॅसेट आली. मग एके दिवशी कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी गायनाची खोली रंगवली, जाजम घातलं, चपला बाहेर काढायचा नियम झाला. मला फाटक्या नकाशांबरोबर कपाटावर टाकलं. उंदरांनी भाता कुरतडला. मी कोणावर रागावले नाही. नुसती पडून राहिले आणि प्रभातफेरीची स्वप्नं बघत राहिले.

तिथून मला बद्रीनाथने काढलं. हा आमचाच जुना विद्यार्थी, पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरीला. दिवाळीला गावी आला होता. पुण्यात आपल्या शाळेची बरीच मुलं आहेत, सर पासष्ट वर्षांचे झाले आहेत, सगळ्यांनी मिळून त्यांना पेटी द्यावी, असं त्याच्या मनात आलं. रात्रभर बसमध्ये त्याने मला मांडीवर घेतलं होतं. कॉम्प्युटरने मला घराबाहेर काढलं आणि कॉम्प्युटरवाल्यानेच परत आणलं, आता बोलायचं कोणाला?

दुरुस्तीसाठी तो मला नारायण पेठेत घेऊन गेला, आणि बघते तर काय, तेच चिंचोळं दुकान! गल्ल्यावर माझ्या कारागिराचा मुलगा सुदर्शन. भिंतीवर पाटी, 'पेटी दुरुस्त होईल. वाजवणारा होईलच असे नाही.' बापाचा वारसा त्याने बरोबर चालवला होता. त्याने माझ्या पोटातून कर्कटकाचं गंजलेलं टोक बाहेर काढलं, चष्मा वर करून बद्रीनाथकडे पाहिलं आणि विचारलं, आपण पेटीत भूमिती शिकवता का? मग भात्याला नवं कातडं लावलं आणि एका दुपारी नवा सूर बसवला. नव्या दातासारखा तो मला आधी टोचला, मग रुळला.

रविवारी सकाळी बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीसेक जण जमले. कोणी कारखान्यात, कोणी कॉम्प्युटरवर, कोणी सरकारी कचेरीत. बहुतेक सगळे बद्रीनाथच्या आगेमागचे. दाराशी मात्र एक केस पिकू लागलेली बाई उभी होती. येरवड्यात राहणारी, सरकारी नोकरीतली. जया. हातातल्या पर्सच्या पट्ट्याची तिने पिळून पिळून दोरी केली होती. आज सांगायचंच, असं ठरवून ती आली होती, आणि पाऊल आत पडत नव्हतं.

सरांपुढे मला ठेवलं. त्यांनी पट्ट्यांवरून तोच हलका हात फिरवला आणि प्रार्थना सुरू केली. 'दार उघड' म्हणून सगळे सवयीने थांबले. सरांनी सवयीने ती पट्टी दाबली.

आणि मी वाजले.

सत्तावीस वर्षांनी माझा कोमल निषाद त्या हॉलभर पसरला. सगळे दचकले. ही त्यांची थांबण्याची जागा, तिथे सूर कुठला? एकालाही पुढचा शब्द उचलता येईना. सर तर पट्टीवरचं बोट काढायचंच विसरले. तो सूर तसाच लांबत राहिला, आणि दारातून, अगदी बरोबर जागेवर, एक घोगरा आवाज आला, "उजेडा..."

सर सोडले तर तो सूर ओळखणारी तिथे ती एकटीच होती.

सरांनी मागे वळून पाहिलंच नाही. "जया, ये," म्हणाले.

ती आली आणि माझ्याजवळ खाली बसली. "सर, मी मोडला होता तो सूर."

"ठाऊक आहे मला. त्या दिवशी फटीत कर्कटकाचं टोक दिसलं, आणि भूमितीच्या तासाला वर्गावरून जाताना तू शेजारणीचं कर्कटक मागताना दिसलीस."

"मग रोज ती पट्टी दाबून मला टोचत का होता?"

सरांचा चेहरा एकदम उतरला. "टोचत नव्हतो गं. तुला बोलावत होतो. वाटायचं, आज येईल, आज बोलेल, मग गायला लागेल." त्यांनी ती पट्टी बोटाने चाचपली. "एकदा सरळ विचारायला हवं होतं मी. तुझं गाणं माझ्या गप्प राहण्याने गेलं."

जया रडली. सरही रडले. बद्रीनाथ उगीचच पंखा लहानमोठा करत राहिला.

सरांनी मला जयाकडेच दिलं. ती रोज संध्याकाळी कचेरीतून आली की गाते. आवाज पहिल्यासारखा राहिलेला नाही, वरच्या सुरांना तो फाटतो. पण ती गाते आणि मी साथ करते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना दमट हवेपासून आणि उंदरांपासून जपा, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. तुमच्या हातून काही मोडलं, तर त्याच दिवशी सांगून टाका. आणि कोणी मोडलं हे तुम्हाला कळलं असेल, तर चांगुलपणाने गप्प बसू नका, जवळ बसवून विचारा. माझा सूर बसवायला सुदर्शनला एक दुपार पुरली. जयाचा गेलेला आवाज बसवून देईल असं दुकान मात्र नारायण पेठेतही नाही.