भंडाऱ्याखालचा काटा

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर रोज सकाळी भंडारा पडतो. तुम्ही म्हणाल, केवढं हे भाग्य! भाग्य कसलं, तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या. अणदूरच्या आण्णासाहेब जहागीरदारांच्या देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी मी बसलो आहे. आण्णासाहेबांच्या थोरल्या बहीण गिरिजाबाई माझ्या काचेवर हळदीची चिमूट टाकतात आणि हात जोडतात. मी देव नाही हो! मी मोटारीच्या इंजिनातला तेलाचा दाब दाखवणारा काटा आहे. माझ्याकडे बघायचं असतं, माझ्या पाया पडायचं नसतं.

माझा जन्म विलायतेतला. एका लाल, दोन माणसांच्या, बिनछपराच्या मोटारीत स्टिअरिंगसमोरच्या लाकडी फळीवर मला बसवलं. हैदराबादच्या एका नवाबाने ती मोटार हौसेने आणली आणि हौस फिटल्यावर आण्णासाहेबांना विकली. तेव्हा या मुलखात निजामाचं राज्य होतं. रस्त्यावर बैलगाड्या आणि क्वचित एखादी उतारू नेणारी सर्व्हिस मोटार दिसायची. आमची मोटार निघाली की माणसं शेतातली कामं टाकून बांधावर येऊन उभी राहायची.

माझं काम काय ते आधी नीट ऐका. इंजिनातले लोखंडी भाग एकमेकांना घासून पेटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये तेलाची पातळ साय लागते. खालच्या चेंबरातलं तेल पंप उचलतो आणि जोराने सगळीकडे पोचवतो. तो जोर म्हणजे दाब. दाब चांगला असला की मी ताठ उभा, कमी झाला की माझी मान खाली. यात न समजण्यासारखं काय आहे? काही नाही. आण्णासाहेबांना तर हे पाठ होतं.

अणदूरच्या यात्रेत माळावर चुन्याची रेघ मारून मोटारींची शर्यत लावायची टूम त्यांनीच काढली. यात्रेतली शर्यत, म्हणून फेऱ्या घालायच्या त्या देवळाला घालतात तशा, उजव्या अंगानेच. सगळी वळणं उजवीकडे. आता पाण्याने भरलेली परात घेऊन गर्रकन वळा बरं. पाणी एका कडेला चढतं की नाही? तसं चेंबरातलं तेल वळणावर डावीकडे पळायचं, पंपाच्या तोंडाशी नुसती हवा यायची आणि माझी मान पडायची. अशा वेळी पाय जरा उचलला, वेग कमी केला की तेल जागेवर येतं आणि इंजिन वाचतं.

पण चालवणाऱ्याने रस्ता बघायचा की मला? त्यावर त्यांनी तोड काढली होती. शेजारी डाव्या अंगाला ड्रायव्हर बंडप्पा बसायचा. त्याने रस्ता बघायचाच नाही, फक्त मला बघायचं. माझी मान पडली की आण्णासाहेबांच्या गुडघ्यावर थाप मारायची. थाप बसली की आण्णासाहेब पाय उचलायचे. मी ताठ झालो की पुन्हा पाय दाबायचे. मी, बंडप्पाचा हात आणि आण्णासाहेबांचा पाय, असं आमचं तिघांचं गणित होतं. बंडप्पा शर्यतीआधी इंजिन तापवून घ्यायचा, पट्टी बुडवून तेल बघायचा आणि शेवटी धोतराच्या सोग्याने माझी काच लख्ख पुसायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग लढाई लागली. पेट्रोल मिळेना. मोटार गोठ्याशेजारच्या छपराखाली पडली आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. तेही मी सोसलं. लढाई संपल्यावर आण्णासाहेबांनी मोटार बाहेर काढली, कारण नळदुर्गच्या शिवलिंगप्पा जिनवाल्याने नवी मोटार घेतली होती आणि तो चारचौघांत म्हणाला होता, “जहागीरदारांचं डबडं आता कोंबड्यांनाच ठेवा.”

शर्यतीच्या सकाळी गिरिजाबाई ताट घेऊन आल्या. त्यांनी तेलात भंडारा कालवून आणला होता. चाकांना लावला, दिव्यांना लावला आणि भावाच्या काळजीने सगळ्यात जास्त माझ्या काचेवर थापला. मी आंधळा झालो! नाही, चुकलो. मला सगळं कळत होतं. आंधळी झाली ती बाहेरची माणसं.

बंडप्पाने सोगा हातात घेतला. “मालक, काटा दिसंना झालाय. एवढी काच पुसून घेतो.”

गिरिजाबाई कडाडल्या, “देवाचा भंडारा पुसतोस व्हय रं? हात झडंल तुझा!”

बंडप्पाने आण्णासाहेबांकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं, मित्रांनो. पण भोवती गर्दी होती, शिवलिंगप्पा हसत होता, आणि सगळं ठाऊक असलेला तो माणूस म्हणाला, “ऱ्हाऊ दे. आज काटा मल्हारी बघंल.”

खंडोबाला का ही कामं सांगता? त्याने तुम्हाला डोळे दिलेत ना!

पहिल्याच वळणावर माझी मान पडली. बंडप्पा काचेकडे बघतोय, त्याला पिवळं दिसतंय. थाप नाही. दुसऱ्या वळणावर पुन्हा पडली. पाय खालीच. मी त्या हळदीखाली जीव तोडून खाली वाकत होतो आणि बाहेर लोक ‘येळकोट येळकोट’ म्हणून ओरडत होते. तेवढ्यात इंजिनातून टकटक ऐकू आली. बंडप्पा किंचाळला, “मालक, पाय काढा! तेल तुटलं!” पण त्या गलक्यात कोण ऐकतो? इंजिन कोरडं पडलं, तापलं आणि जागच्या जागी जाम झालं. मागची चाकं आवळली, मोटार फरफटत चरात जाऊन डाव्या अंगावर पडली. दाराला धरलेला बंडप्पाचा डावा हात खाली सापडला.

आण्णासाहेबांना खरचटलंही नाही. मग काय विचारता! भंडाऱ्यानेच मालकाला तारलं, असा गावभर बोभाटा झाला. आण्णासाहेब वर म्हणाले, “काटाच खोटा निघाला, आन् बंडप्पा येळंवर बोलला न्हाय.” मी खोटा? मी आयुष्यात एकदाही खोटं बोललो नाही! मोटार भंगारात गेली, बंडप्पाला घरी बसवलं आणि मला, भंडाऱ्यासकट, देवघरात आणलं.

पुढच्या यात्रेला बंडप्पा दर्शनाला म्हणून आला. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग उजव्या हाताने सोगा धरून त्याने माझी काच पुसायला घेतली.

“अरं, पुसू नगंस!” गिरिजाबाई ओरडल्या. “हात झडंल!”

बंडप्पाने डावा हात उपरण्याखालून बाहेर काढला. मनगटापुढे काही नव्हतं.

“न पुसताच झडला की, आक्कासाहेब,” तो म्हणाला, आणि काच लख्ख करून निघून गेला.

गिरिजाबाई खाली बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला वाटलं, कळलं यांना. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आल्या, डोळे मिटले आणि माझ्यावर चिमूट टाकली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं यंत्र असेल तर त्याला खुशाल हळदकुंकू वाहा, पण त्याची काच पुसा आणि डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघा. मी आजही खालीच वाकलेलो आहे. वरची हळद तेवढी कुणीतरी बाजूला करा.