खळ लावलेलं सूत

कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन मला सात वर्षं झाली. तरी गेल्या जूनमध्ये बिराजदार सरांनी बोलावून घेतलं. मटेरियल्स इंजिनिअरिंगची मुलं गटागटाने काहीतरी नवं बनवतात, पण रोजच्या कामाची वही शेवटच्या दिवशी एकाच पेनाने भरतात. म्हणून प्रत्येक गटाला वही लिहायला बाहेरचा माणूस. "तुम्हाला बोलावं लागणार नाही," सर म्हणाले. त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं.

माझ्या गटात सुकन्या, आरोही आणि इंद्रजीत. सुकन्याची आई कस्तुराबाई एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवते. घर कुंभारीला, वर पत्रा. उन्हाळ्यात दुपारी घरातली भांडीसुद्धा हाताला चटका देतात, असं सुकन्या सांगायची. कारखान्यातलं वाया जाणारं सूत रेझिनच्या चिकट द्रवात बसवून पत्र्याखाली लावायला हलका तक्ता करायचा, ही तिची कल्पना.

तीन तक्ते झाले. चोवीस तास पाण्यात ठेवले की तिन्हींचे थर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे सुटले. सरांनी शेवटचा शुक्रवार दिला. तेव्हाही तक्ता पाण्यातून धड निघाला नाही, तर हा विषय बंद आणि गटाला विभागाचा तयार विषय. रेझिन एकाच तक्त्यापुरतं उरलं होतं.

"माझंच माप चुकतंय," सुकन्या म्हणायची. ती रोज वजनकाटा पुसायची आणि पुन्हा पुन्हा मोजायची.

माप चुकत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. विणकामाचं एक जुनं पुस्तक मी घरी चाळलं होतं. मागावर उभा ताणा तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ लावतात; पुढे रंग धरायला हवा असेल, तर सूत उकळून ती काढावी लागते. रंग धरत नाही, तर रेझिन कसं धरेल? पण मी पडलो पुस्तकं लावणारा माणूस. चौथ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत यंत्रं, प्राध्यापक, एवढी हुशार मुलं. त्यांना हे माहीत नसेल? मी वहीत तापमान लिहिलं आणि गप्प बसलो.

मंगळवारी शेवटचा तक्ता. आरोहीने पांढऱ्या सुताचे थर साच्याशेजारी मांडले. इंद्रजीतने रेझिनमध्ये हार्डनर ओतून ढवळायला सुरुवात केली.

"वीस मिनिटं," तो म्हणाला. "मग दगड. चला, हात उचला बाई."

"बाई कोणाला म्हणतोस रे?" आरोही म्हणाली.

मी उठलो. "ते सूत... ताण्याचं आहे का?"

तिघंही वळली. इंद्रजीत हसला. "सर बोलले! आरोही, वहीत लिही."

"गप रे," सुकन्या म्हणाली. "काय म्हणालात, सर?"

"ताण्याच्या सुताला खळ असते. रेझिन सुताला नाही, खळीला चिकटतं. पाण्यात खळ फुगते. मला नक्की माहीत नाही. पुस्तकात वाचलंय फक्त."

"सतरा मिनिटं," इंद्रजीत म्हणाला. आता तो हसत नव्हता.

सुकन्याने फोन लावला, स्पीकरवर टाकला. मागे शिलाई यंत्रांची घरघर.

"आई, तू दिलेल्या पांढऱ्या सुताला खळ हाय का?"

"असती की. बीमच्या शेवटाचं, ताण्याचंच सूत ते. खळीबिगर मागावर टिकंल व्हय?"

"आणि आडव्या धाग्याचं, कांडीवर उरलेलं? ते रंगीत?"

"त्याला कशाला खळ? पर ते नगं घेऊ, लई गुताडा असतोय. पांढरं मी मुद्दाम मागून घेतलं मुकादमाकडनं. कॉलेजात कचरा कसा द्यायचा, बाई?"

सुकन्याची नजर खिडकीकडे गेली. "बरं आई, ठेवते."

रंगीत सुताचं पोतं खिडकीखाली पडलेलं होतं. त्यांनी ते पहिल्याच दिवशी बाजूला सारलं होतं. सुकन्याने ते जमिनीवर उपडं केलं. चौघंही खाली बसलो. मला कोणी बस म्हटलं नव्हतं, पण उभं राहून कसं चालेल? तांबड्या, निळ्या, जांभळ्या धाग्यांचा गुंता सोडवत आम्ही थर लावत गेलो. शेवटचा थर दाबला तेव्हा रेझिन मधासारखं घट्ट होऊ लागलं होतं.

शुक्रवारी तक्ता पाण्यातून निघाला. सरांनी कडेने सुरी फिरवली, नखाने खरवडून पाहिलं, वाकवून पाहिला. एकही थर सुटला नाही. "विषय चालू," ते म्हणाले आणि पुढच्या गटाकडे गेले.

आरोहीने इंद्रजीतच्या पाठीत धपाटा घातला. सुकन्या माझ्याकडे आली.

"सर, तुम्हाला हे कधी कळलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "तिसरा तक्ता टाकला त्याच्या आदल्या दिवशी."

तिचा चेहरा उतरला. "मग तिसरा टाकू का दिलात? दहा दिवस मला वाटतंय, मला साधं मोजता येत नाही. आईला सांगायचीही लाज वाटत होती."

"मला वाटलं, मी चुकीचं बोललो तर..."

"तर काय झालं असतं?"

मी वही मिटली. ती तक्ता पुसत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "यापुढे चुकीचं वाटलं तरी बोला, सर. आम्ही काय रोज बरोबर बोलतो?"

मी तक्त्याकडे नीट पाहिलं. "त्या कोपऱ्यात रेझिन कमी पडलंय असं वाटतं. डाग दिसतोय."

इंद्रजीतने वाकून पाहिलं, बोट फिरवलं. "कमी कुठंय, सर? जांभळं सूत आहे ते."

तिघंही हसली. सुकन्याही. मी चुकलो होतो, चारचौघांत, मोठ्याने. आरोहीने तक्ता कागदात गुंडाळायला घेतला आणि मला म्हणाली, "सर, जरा दोरी धरा."