तिन्हीसांजेची झोप

राजवीरनं दुपारची झोप सोडली ती कुणाला न विचारता. वय जेमतेम सव्वादोन वर्षं, पण रुबाब पाटलाचा. परवापर्यंत साडीच्या झोळीत घालायचा अवकाश, की मान टाकायचा. आता झोळी दिसली की अंग ताठ करून किंचाळायचा आणि खाली ठेवला की गोठ्याकडं धूम ठोकायचा. त्याच्या मागं त्याची आई प्रियदर्शनी, आठवा महिना लागलेला, पोटाला हात लावून. आजोबा आकारामनी नातवाला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारून बघितल्या. शेवटी डुलकी आजोबांनाच लागली.

बरं, झोप सोडली म्हणून ती काही देशोधडीला लागत नाही. दिवस मावळला की दुपारची ती झोप व्याजासकट वसुलीला यायची. गोठ्यात धारा सुरू झाल्या की पोरगं असेल तिथं कलंडायचं. कधी वैरणीच्या पेंढीवर, कधी तोंडात भाकरीचा घास तसाच धरून. आणि आकारामच्या घरात नेमक्या ह्याच वेळेला कुणी डोळा मिटायचा नव्हता.

तिन्हीसांजेला झोपू नये. का, ते विचारायचं नसतं. दिवा लागतो, लक्ष्मी दाराशी येते, आणि घरात कुणी लोळताना दिसलं की आल्या पावली मागं फिरते. प्रियदर्शनीच्या सासूबाई धोंडुबाई, ह्यांनी हा नेम जन्मभर पाळला होता. तापानं फणफणल्या असल्या तरी त्या वेळी भिंतीला टेकून बसायच्या, पण आडव्या व्हायच्या नाहीत. त्यामुळं पोरगं पेंगलं की त्या तांब्या घेऊन यायच्या, त्याच्या तोंडावरनं पाण्याचा हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "ऊठ माज्या राजा, दिवा लागला."

राजा उठायचा आणि घर डोक्यावर घ्यायचा. झोपेचं एकदा खोबरं झालं की मग मध्यरात्र उलटली तरी त्याचा डोळा लागायचा नाही. प्रियदर्शनीचा नवरा पृथ्वीराज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर. त्याला झोप पाहिजे, कारण सकाळी पहिली पाळी. आकारामना पाहिजे, कारण पहाटे धारा. धोंडुबाईंना पाहिजे, कारण वय झालं. राहिली ती. एक मांडीवर, एक पोटात, अशी बसून ती उजाडायची वाट बघायची. तिला झोप कशाला लागते? ती काय करते दिवसभर!

तपासणीला गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि आकडा बघून भुवया चढवल्या. "झोपताय का तुम्ही? घरी झोप मिळत नसेल तर दवाखान्यात भरती करून झोपवीन." पृथ्वीराजनं घरी येऊन हे शब्दाला शब्द सांगितलं. सांगण्यात त्याची चूक झाली नाही. चूक झाली ती त्यातनं घरानं काढलेल्या अर्थात.

"पोराला बाळंतपण हुईस्तवर गगनबावड्याला आक्काकडं ठिवू," रात्रीच्या जेवणाला धोंडुबाई म्हणाल्या. आक्का म्हणजे पृथ्वीराजची थोरली बहीण. "तिची पोरं मोठी झाल्यात, तिला सवड हाय. ह्येला वळणबी लागंल. रविवारी या म्हणून निरोप धाडलाय."

"आणि मला इचारलं कुणी?"

"तुज्याच भल्याचं हाय की," पृथ्वीराज ताटात बघत म्हणाला.

तिला राग आला. असा, की तव्यावरची भाकरी करपली. पण रागाखाली भीती होती, आणि ती जास्त जाळत होती. नवं बाळ येणार म्हणून थोरल्याला घराबाहेर काढायचं, आणि मग बाळ आल्यावर त्याला आणून म्हणायचं, बघ तुझं भावंड! तो त्या बाळाकडं कधी सरळ नजरेनं बघेल? आणि आईकडं?

दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता तिनं विचार केला. पोराची दुपारची झोप संपलीय. ती संध्याकाळवर सरकलीय. मग त्याला संध्याकाळीच झोपू द्यावं. एवढं साधं होतं, आणि अख्खं घर तांब्या घेऊन त्याच्याशी लढत बसलं होतं.

त्या दिवशी ऊन असतानाच तिनं राजवीरला दूधभात भरवला, हातपाय धुतले आणि मधल्या खोलीत पलंगावर निजवला. मागच्या खोलीत दाण्याची पोती, पुढच्या खोलीत टीव्ही. म्हणून मधलीच खोली. देव्हारा समोरच. पोरगं बघता बघता झोपलं. त्याच्या शेजारी तीही आडवी झाली.

धोंडुबाई दिवा लावायला आल्या आणि दारातच थिजल्या. "अगं, दिवेलागण झाली! उठीव त्येला. आणि तूबी? पोटुशी बाई तिन्हीसांजेची लोळतीया व्हय?"

"उठवायचं न्हाय, आत्ती."

"लक्ष्मी मागं फिरंल की!"

"न्हाय फिरायची. तिला म्हणावं, पायातलं वाजवू नगो, पोरगं झोपलंय. बाईच हाय ती, कळंल तिला."

धोंडुबाईंनी तोंडाला पदर लावला. "काय जीभ म्हणायची ही!"

"जीभ न्हाय, आत्ती. गोठ्यात गाभण म्हैस रवंथ करत बसली तर तिला कोण उठवत न्हाय. तिची धार आटवता, तिला येगळं बांधता, खाली मऊ पसरता. मी तेवढंच मागतीया. म्हशीएवढं."

दाराबाहेर आकाराम खाकरले आणि कुणी काही विचारायच्या आत गोठ्याकडं गेले. शहाणा माणूस.

राजवीर कोंबडा आरवेपर्यंत झोपला. उठला तो पहिल्या धारेला, ताजातवाना, आणि जाऊन आजोबांच्या पायात घोटाळायला लागला. आकारामना बादली सांभाळू की नातू, असं झालं. पण प्रियदर्शनीला किती दिवसांनी सलग झोप मिळाली. उठल्यावर तिला आपला चेहरा आपला वाटला.

धोंडुबाईंनी हार मानली असं कुणी समजू नये. त्यांनी दिवेलागणीची घंटा पूर्वीपेक्षा जोरात वाजवायला घेतली. पोरगं हललं नाही. भांडी पाडून बघितली. तरी नाही. गल्लीत सांगत सुटल्या, "आमच्यात आता देवाला दिवा लागतो तवा मानसं गुडनाइट करत्यात!" सुनेशी बोलणं बंद केलं.

"आईचं मन राखलंस तर तुजं काय जातंय?" पृथ्वीराजनं विचारलं.

"माजी झोप जाती."

तरी रविवारचा बेत कुणी मोडला नाही. निरोप गेलाय, आता माघारी कसं सांगायचं! माणसं आपल्या शब्दापायी काय काय करतात.

रविवारी वाटेत रस्त्यावर दरड आली होती, त्यामुळं आक्का नवऱ्याच्या जीपमधनं पोचल्या त्या ऐन दिवेलागणीला. धोंडुबाईंनी पोराच्या कपड्यांची पिशवी दाराशी आणून ठेवलेली. राजवीर पलंगावर, एक पाय आईच्या पोटावर टाकून गाढ.

"झोपलाय ते बरंच झालं," आक्का म्हणाल्या. "असाच उचलून गाडीत घालू. रडारड नगो. सकाळी तिकडं उठंल."

जी झोप प्रियदर्शनीनं त्याच्यासाठी भांडून मिळवली, तिच्यातच गुंडाळून हे त्याला नेणार होते. ती उठून बसली. हात पोराच्या छातीवर.

"थांबा, आक्का. झोपलेलं लेकरू न्यायचं न्हाय. त्येला चोरी म्हणत्यात. आधी जागं करा. आईला बाळ हुनार हाय म्हणून तुला न्येतोय, असं त्येच्या डोळ्यांत बघून सांगा. मग न्या."

"सव्वादोन वर्साच्या पोराला काय कळतंय, गं?"

"झोप कवा येती ते कळतंय. तुमाला त्येवढंबी कळंना." मग ती सासूकडं वळली. "आत्ती, तिन्हीसांज हाय. तुमचा नेम हाय. तुमीच उठवा. पाण्याचा हात फिरवा तोंडावर."

धोंडुबाईंच्या हातात तांब्या होताच. त्या पुढं आल्या. बोटं बुडवली. पलंगावर वाकल्या. पोराचं तोंड अर्धवट उघडं, मानेला घाम. कितीदा उठवलं होतं त्याला ह्याच हातानं, लक्ष्मी घरात यावी म्हणून. आज उठवायचं होतं ते त्यालाच घराबाहेर काढायला. बोटांवरचं पाणी गोधडीवर ठिपकलं. हात काही खाली जाईना.

"मला न्हाय जमायचं," त्या म्हणाल्या आणि बोटं पदराला पुसली. "पृथ्वीराज, तू उठीव."

पृथ्वीराजनं बहिणीकडं बघितलं, बहिणीनं नवऱ्याकडं. दाजी जीपची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिले. शेवटी पृथ्वीराज दाराशी गेला, पिशवी उचलली, आणि आत आणून पलंगाखाली सरकवली. "चहा टाकतो," एवढंच म्हणाला.

"आक्का, दाजी, आज ऱ्हावा," प्रियदर्शनी म्हणाली. "चहा पुढच्या खोलीत घ्या. जाताना दार तेवढं लोटून घ्या, आवाज येतोय."

आणि समोर दिवा जळत असताना, पाहुणे अजून उभे असताना, सासूच्या डोळ्यांदेखत ती पोराच्या कुशीला आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले.