धुरासुराची नात

पडदा पांढराफटक झाला आणि थिएटरातली सगळी पोरं एका सुरात ओरडली, "धुरासुर! धुरासुर!"

परशुरामच्या तोंडातला पॉपकॉर्न तोंडातच राहिला. पडद्यावरच्या धुरातून हळूहळू एक आकृती बाहेर येत होती. पायात गमबूट, डोळ्यांवर गॉगल, नाकातोंडावर फडका आणि खांद्याला लटकवलेलं लांब नळीचं मशीन. आवाजसुद्धा हुबेहूब. फट्. फट्. मग फटफटफट. चालू होण्याआधी हे मशीन थोडं रुसतं, तेही सिनेमावाल्यांना ठाऊक होतं. आपल्याला कुणी एवढं निरखून बघितलं असेल, या विचाराने परशुरामला क्षणभर बरंच वाटलं.

मग त्याच्या मांडीवर बसलेली त्याची नात श्रिया हळूच खाली उतरली आणि काही न बोलता पलीकडच्या खुर्चीत आईला बिलगून बसली.

*

सिनेमात काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आडनाव गुणगुणे. जात डासाची. राहणार पंक्चरवाल्याच्या दुकानामागच्या टायरमध्ये. बाप भित्रा, आई तापट. आजीची सोंड वाकडी झालेली, म्हणून ती फुलांचा रस पिते आणि सगळ्यांना टोमणे मारते. धाकट्याला गुणगुणता येत नाही, तो शिट्टी वाजवतो, म्हणून शाळेत नापास. हसून हसून पोट दुखावं असं सगळं. आणि मध्यंतराच्या तोंडावर धुरासुर. धूर टायरपर्यंत येतो तेव्हा आजी म्हणते, "तुम्ही व्हा पुढे. मी खिडकी लावून आलेच."

टायरला कुठली आलीय खिडकी? सगळं थिएटर हसलं. आजी परत आली नाही तेव्हा सगळं थिएटर रडलं. परशुरामही रडला. खरं सांगायचं तर त्या रांगेत सगळ्यांत जास्त तोच रडला. पण अंधारात ते कुणाला दिसणार?

*

परशुराम महापालिकेच्या मलेरिया विभागात. मोहने-आंबिवली हा त्याचा भाग. तरुणपणी मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात होता, कारखाना बंद पडला तेव्हा ओळखीच्या एका साहेबांनी विचारलं होतं, "बागेत लावू, का डास मारायच्या धुरावर?" बागेत सावली होती, बसायला बाक होते. परशुराम म्हणाला, "धुरावर." का, ते साहेबांनी विचारलं नाही.

धुराच्या माणसाला मोठी माणसं कधी थांबवत नाहीत. तो आला की धडाधड खिडक्या लागतात. पोरांचं मात्र उलटं. मशीनचा आवाज आला की ती चाळीचाळीतून बाहेर पडतात आणि धुरात शिरून आरडाओरडा करत मागे पळत सुटतात. कितीही हाकला, ऐकत नाहीत. त्या पोरांत श्रिया सगळ्यांत पुढे. आई ओरडते म्हणून लांबून पळायची, पण पळायची. शाळेत बाईंनी घरच्यांची माहिती विचारली तेव्हा तिने उभं राहून सांगितलं होतं, "माझे आबा ढग बनवतात."

*

कल्याणहून परतताना रिक्षात तिघं. मध्ये श्रिया, एका बाजूला तिची आई संचिता, दुसऱ्या बाजूला परशुराम.

"आबा."

"काय गं बाय?"

"ते तुमचंच मशीन होतं ना?"

"तसलंच. माझं जरा जुनं आहे."

"अगं, कार्टून आहे ते," संचिता म्हणाली. "डास बोलतात का कधी?"

"बोलतात. आपल्याला कळत नाही." श्रियाने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. "उद्या पण मारणार तुम्ही?"

"उद्या ड्यूटी आहे ना, राजा."

"सुट्टी घ्या."

"किती दिवस घेऊ?"

"रोज."

रिक्षावाला हसला. परशुरामही हसायला गेला, पण श्रिया हसत नव्हती. शहाडचा पूल गेला, मोहन्याचं वळण आलं. उतरताना नेहमीसारखा त्याने हात पुढे केला, तर ती आईची ओढणी धरून पलीकडून उतरली.

*

परशुरामची बायको कलावती गुडघ्यांमुळे घरीच होती. सगळं ऐकून आधी ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"धुरासुर! बरं नाव ठेवलं. मला इतकी वर्षं सुचलं नाही."

"हस, हस. पोरगी जेवायला पण शेजारी बसली नाही माझ्या."

कलावतीचं हसू ओसरलं. स्वयंपाकघरात श्रिया आईला आजीच्या खिडकीची गोष्ट रडत रडत पुन्हा सांगत होती.

"मग सांगून टाका तिला," कलावती हलक्या आवाजात म्हणाली.

"काय?"

"तुम्हाला ठाऊक आहे काय ते. एकदा ऐकलं की सिनेमा-बिनेमा सगळं विसरेल."

पायल. त्यांची पहिली मुलगी, श्रियाच्या बापाची, विनीतची थोरली बहीण. एका पावसाळ्यात तिला थंडी वाजून ताप आला, तो मेंदूत गेला, आणि श्रियाच्या वयाची असतानाच ती गेली. कारखाना तेव्हा चालू होता. तिचा फोटो भिंतीवर नाही, कपाटात साड्यांच्या खाली आहे. विनीतला आठवत नाही, संचिताला अर्धवट माहीत आहे, आणि श्रियाला आपल्याला आत्या होती हेच माहीत नाही.

परशुरामने मनात हिशेब केला. एवढं एक वाक्य सांगितलं की नात परत त्याची. उद्यापासून डास दिसला की किंचाळेल, गळ्यात पडेल, म्हणेल, मारा आबा, सगळे मारा.

"नको," तो म्हणाला.

"का पण?"

"घाबरवून परत आणू तिला? अगं, डास मेला म्हणून रडतेय ती. डासासाठी रडावं इतकं सुख आलंय आपल्या घरात. देवाचे उपकारच म्हणायचे. ते मी माझ्या तोंडाने मोडू?"

"आणि तुम्ही?"

"मी राहीन धुरासुर."

 कलावतीने उठताना त्याच्या खांद्याचा आधार घेतला.

*

पुढचा संवाद सिनेमात नाही. दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये डिझेल आणि औषध ओतताना तो परशुरामच्या डोक्यात आपोआप सुरू झाला.

आजी: आला का गं?

आई: आला. तोच जुना.

आजी: परशा? हल्ली पाय ओढत चालतो.

आई: तुम्हाला मेला त्याचा पुळका!

आजी: पुळका नाही. पण गटार चुकवत नाही हो कधी. आणि मारताना शिव्या देत नाही.

आई: कशा देईल? दमलाय तो. त्याची पोर आपल्यातल्याच कुणी तरी नेली.

(आजी वाकडी सोंड पुसते.)

आजी: आपण पिणार, तो मारणार. ते आपलं आपण बघू. नातीला मध्ये घ्यायचं नाही.

"काका!" प्रीतमची हाक आली. "सांडलं ना डिझेल. लक्ष कुठंय?"

प्रीतम त्याचा जोडीदार. डिझेलचा कॅन तो वाहायचा आणि गल्लीतल्या लोकांना खिडक्या लावायला ओरडून सांगायचा.

*

पंक्चरवाल्याच्या दुकानाशी ते वळले आणि प्रीतम जागीच थांबला.

"च्यायला, काका! मोर्चा!"

दुकानामागे टायरांचा ढीग होता आणि ढिगापुढे पोरं हात पसरून उभी होती. चाळीतली झाडून सगळी. मधोमध शाळेच्या गणवेशात श्रिया.

"इथे गुणगुणे राहतात!" एक पोरगा ओरडला.

"अबे, कोण गुणगुणे?" प्रीतम म्हणाला. "काका, साइडने मारा आणि चला ना. खालीपिली टाइम खोटी."

साइडने मारून जाता आलं असतं. कुणी विचारलं नसतं. परशुरामने मशीन बंद केलं, ढिगापाशी गेला आणि वाकून टायरात पाहिलं. आत गढूळ पाणी आणि पाण्यात अळ्या, स्वल्पविरामांसारख्या वळवळणाऱ्या. पलीकडे पंक्चरवाल्याच्या घरात एक तान्हं बाळ झोळीत झोपलं होतं. झोळीला मच्छरदाणी नव्हती.

तो सरळ झाला. श्रिया त्याच्याकडे बघत होती. काल रिक्षात बघत होती तशीच, जरा आशेने.

परशुरामने फडका नाकावर ओढला, गॉगल चढवला आणि कमरेवर हात ठेवून गडगडाटी हसला. पडद्यावरच्या धुरासुरासारखा. त्याहून वाईट.

"हा हा हा! कुठे आहेत ते गुणगुणे? ए म्हातारे, खिडकी लावलीस का?"

 मग पोरांमध्ये जी किंकाळी उठली तिच्यात भीती थोडी आणि मजा जास्त होती. मोर्चा फुटला. एकेक टायर उचलून परशुराम पाणी ओतत गेला, पोरं उड्या मारत "धुरासुर! धुरासुर!" करत राहिली. मशीन थोडं रुसलं, मग लागलं, आणि धूर ढिगावर बसला. नेहमी पोरं धुराच्या मागे पळायची. आज ती पुढे पळत होती, वळून वळून त्याला वाकुल्या दाखवत.

श्रिया तेवढी पळाली नाही. ती धुराच्या कडेला उभी राहून ओल्या जमिनीकडे बघत होती. मग दप्तर सावरून एकटी घराकडे गेली.

"काका, डोळ्यात गेला काय धूर?" प्रीतमने विचारलं.

"गॉगल धुरकटलाय. चल, पुढची गल्ली राहिलीय."

पुढच्या गल्लीत धडाधड खिडक्या लागल्या. आतून भांड्यांचे, टीव्हीचे, भांडणाऱ्या पोरांचे आवाज येत होते. पोरांचे आवाज येणारं प्रत्येक घर मागे पडलं की परशुराम मनातल्या मनात हात जोडायचा. कित्येक वर्षांची सवय. आज प्रत्येक दाराशी जरा जास्त वेळ जोडले.

*

आंघोळ करून, अंगाला साबणाचा वास घेऊन तो संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बसला. श्रिया गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, कुरमुऱ्यांची वाटी घेऊन.

बऱ्याच वेळाने तिकडून प्रश्न आला. "धुरासुराच्या घरी कोण असतं?"

"बायको असते. मुलगा, सून. आणि एक नात."

"ती बोलते त्याच्याशी?"

"सध्या नाही."

"मग तो काय करतो?"

"बसतो गॅलरीत."

श्रिया थोडी अलीकडे सरकली. वाटी मध्ये ठेवली. तेवढ्यात एक डास आला आणि तिच्या दंडावर बसला. तिने पाहिलं, पण हलली नाही.

"आबा, हलू नका," ती कुजबुजली. "पितोय तो."

परशुरामचा हात केव्हाच वर गेला होता. तो तसाच हवेत थांबला. मग त्याने हात खाली घेतला, वाकला आणि तिच्या दंडावर फुंकर मारली. डास उठला, हवेत जरा घोटाळला आणि त्याच्याच मनगटावर येऊन बसला.

आता श्रिया डासाकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती.

परशुराम हलला नाही. बारीक टोचल्याची जाणीव झाली. डासाचं पोट हळूहळू लाल होत गेलं.

कलावती मागे कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नाही. फटकन तिचा तळवा त्याच्या मनगटावर बसला.  हात तिने लगेच उचलला नाही. त्याचं मनगट घट्ट धरून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग आत गेली आणि आतून पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज आला.

मनगटावर चपटा झालेला डास आणि एक लाल ठिपका.

 श्रिया सरकत सरकत जवळ आली, नखाने डास अलगद उचलला आणि कठड्यावर ठेवला.

"हे त्याचं रक्त?"

"नाही गं. माझंच आहे."

 तिने आपल्या दंडावर चाव्याने उठलेल्या गाठीकडे बघितलं. "थोडं माझं पण असेल."

"असेल ना."

तिने फ्रॉकचं टोक जिभेवर ओलं केलं आणि तो ठिपका पुसायला लागली. जोर लावून, पाटी पुसावी तसा. परशुरामने मनगट तिच्यापुढे धरून ठेवलं.