रंगवलेलं नाक

मित्रांनो, मी एक जुना ब्रीदर आहे. नाव ऐकून बिचकू नका. एका म्हाताऱ्या मोटारीच्या इंजिनावर बसलेला, मुठीएवढा पत्र्याचा डबा म्हणजे मी. माझ्या अंगाला बारीक भोकं आहेत आणि पोटात तारेचा गुंता आहे, अगदी भांडी घासायच्या तारेसारखा. मी काही देखणा नाही, हे मला कारखान्यातच कळलं होतं. तिथे हॉर्नला मऊ कापडात गुंडाळून नेलं आणि मला पाटीत ओतलं.

पण माझं काम ऐका. इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा थोडा धूर निसटून खाली, तेल असतं तिथे उतरतो. त्याला बाहेर पडायला वाट लागते. ती वाट म्हणजे मी. धूर जाऊ द्यायचा, त्याच्याबरोबर आलेले तेलाचे थेंब तारेत अडवायचे आणि बाहेरची धूळ आत येऊ द्यायची नाही. थोडक्यात, मी इंजिनाचं नाक आहे.

माझे मालक नकाशे काढायच्या कचेरीत होते. निवृत्त झाल्यावर त्यांचं सगळं लक्ष गाडीकडे लागलं. दर सहा महिन्यांनी ते मला कान तुटलेल्या मगात, रॉकेलमध्ये बुडवत. मग मला खळखळून धुवायचं, वर्तमानपत्रावर सावलीत वाळवायचं, तारेला तेलाचे चार थेंब द्यायचे आणि परत जागेवर बसवायचं. माझ्याएवढी हौसेची आंघोळ गाडीत कुणाच्या वाट्याला येत नव्हती. हॉर्नच्या तर नाहीच!

दर गुरुवारी मालक मालकीणबाईंना त्यांच्या बहिणीकडे न्यायचे. बाईंचे गुडघे धरलेले होते, बसची पायरी त्यांना चढवत नव्हती. गाडीत मात्र त्या राणीसारख्या बसायच्या आणि वाटभर मालकांना, "अहो, हळू!" म्हणून दटावायच्या. गाडी मुळात हळूच चालायची, हा भाग वेगळा.

मग एकदा जावईबापू आले. मुलीचा नवरा म्हणजे फार लाघवी माणूस. "बाबा, दोन दिवस गाडी माझ्याकडे राहू द्या. एक गंमत करतो," म्हणाले. ती गंमत म्हणजे काळा चकचकीत रंग. त्यांनी सगळं इंजिन रंगवलं. मलाही सोडलं नाही. उलट माझ्यावर माया जास्त, म्हणून दोन हात दिले. रंग भोकांत उतरला, तारेवर ओघळला आणि वाळून घट्ट बसला.

गाडी घरी आल्यावर मालकांनी बॉनेट उघडलं, चष्मा न लावताच "वा!" म्हणाले आणि बंद केलं.

पुढच्या तीन आठवड्यांत माझ्या नाकी नऊ आले. धुराला वाट मिळेना. तो आतून रेटू लागला आणि तेल जोडाजोडातून बाहेर येऊ लागलं. तेल मोजायची पट्टी आपली आपणच वर उडायची. मालकांनी गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरली, ती भिजली. संशय माझ्यावर जाणं शक्यच नव्हतं. मला महिन्यापूर्वीच धुतलं होतं ना!

गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं. "साहेब, इंजिन म्हातारं झालं. आता उघडून काही उपयोग नाही, देऊन टाका."

सुटे भाग विकणारा एक जण रविवारी गाडी न्यायला येणार, असं ठरलं. शनिवारी सकाळी मालक स्वयंपाकघरात बसून होते. आमची शेड त्या खिडकीला लागूनच आहे, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. अचानक कुकर कडेने फुसफुसायला लागला.

"रिंग गेली वाटतं," मालक म्हणाले. "तीही बदलायला झाली."

"रिंगेला काय धाड भरलीय?" बाईंनी गॅस बंद केला. "शिट्टीत दाणा अडकलाय. वर वाट नाही मिळाली की वाफ कडेने निघते. चाळीस वर्षं कुकरचं जेवताय, एवढं कळू नये?"

मालक एकदम उठले. एका पायात स्वतःची चप्पल आणि एका पायात बाईंची, असे शेडमध्ये आले. त्यांनी मला उपसून काढलं आणि गाडी सुरू केली. कोंडलेला धूर भसकन निघून गेला. पट्टी जागची हलली नाही. माझा जीव भांड्यात पडला. मालकांनी मात्र डोळ्यांना रुमाल लावला.

ते मला खरवडत बसले असताना नेमके जावईबापू आले. कागदावरचा काळा भुसा पाहून ते कानकोंडे झाले.

"बाबा, हा रंग माझाच ना?"

"तुमचाच," मालक म्हणाले. "पण जावयाचं काम बघायचं थोडंच असतं, नुसतं वा म्हणायचं असतं! मी तेव्हाच नीट पाहायला हवं होतं."

"आणि मीही आधी विचारायला हवं होतं."

"चहा निवतोय," आतून बाई म्हणाल्या. "चुका काय त्या दोघांनी निम्म्या-निम्म्या वाटून घ्या."

रविवारी आलेल्या माणसाला चहा देऊन रिकाम्या हाताने परत पाठवलं.

मित्रांनो, एखाद्या वस्तूवर जीव असेल तर तिला जरूर नटवा, पण आधी तिचं काम समजून घ्या. आणि कुणाचं काम चुकलं असेल, तर वेळेवर सांगा.

आता मला आंघोळ घालायचं काम जावईबापूंकडे आहे. मी वाळलो की ते मला तोंडासमोर धरून जोरात फुंकर मारतात. दुसऱ्या बाजूला मालक तळहात धरून बसलेले असतात.

"येतंय का, बाबा?"

चष्मा नाकावर नीट बसवून मालक म्हणतात, "येतंय."