लातीरची खुशाली

बांताकोटोच्या किनाऱ्यावर सिबो जार्जूला बसायला जागा मिळाली नाही, असं सतरा वर्षांत कधी घडलं नव्हतं. बायका मासे धुरावर वाळवतात त्या लांब शेडमध्ये ती शिरली, की कुणीतरी घमेलं पालथं घालून म्हणायचंच, "टेक गं बाई, आज कुणाला उघडं पाडणार?" त्या सोमवारी ती आली आणि बायकांनी धुराकडं तोंडं फिरवली. समोर एक पालथं घमेलं होतं, तेही जैनबानं उचलून मांडीवर घेतलं.

जैनबा गावातल्या मासळी-पिठाच्या कारखान्यात साफसफाईला होती. परवापर्यंत.

"आलीस? ये," ती म्हणाली. "साहेबानं खोलीत बोलावलं. मला वाटलं, लादी पुसायची असेल. तर फोनवर माझाच आवाज! 'भरती आली की घाण पाण्याचा नळ खाडीत सोडतात, चावी मीच फिरवते.' वर विचारतो, निमूट जातेस की पोलीस बोलावू? तू काय म्हणाली होतीस, ताई? तुझा आवाज माझ्या गळ्यात राहील, म्हणाली होतीस."

सिबोचा हात आपोआप गळ्याकडं गेला. छोटा रेकॉर्डर तिनं चांभाराकडून ताईतासारखा चामड्यात शिवून घेतला होता. इकडं प्रत्येकाच्या गळ्यात एक-दोन ताईत असतातच, कोण बघतंय?

"मी कुणाला दिला नाही, जैनबा."

"मग काय भरतीबरोबर वाहत गेला? आणि दिलास तो दिलास, वर जेवणावळीत बसून ऐकवलास! माझ्या आवाजामागं बायका टाळ्या वाजवत होत्या, बाळ रडत होतं. गंमत म्हणून चारचौघांत ऐकवलास की गं माझा आवाज!"

टाळ्या आणि बाळ. गेल्या बुधवारी लातीरच्या नातवाचं बारसं होतं.

आता लातीर फाय कोण, हे सांगायला हवं. तो सेरेर, सिबो जोला. या दोन जमातींचं थट्टेचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. सेरेरानं जोलाला गुलाम म्हणायचं, जोलानं सेरेराला भातचोर म्हणायचं, एकमेकांच्या ताटातला मासा उचलायचा, हातातली वस्तू हिसकावायची आणि रागवायचं मात्र नाही. मयताच्या घरीसुद्धा ही थट्टा थांबत नाही. जीव घालवला तरी चालेल, पण थट्टेच्या भावाला दगा द्यायचा नाही आणि त्यानं तोंड उघडून काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. म्हणूनच सतरा वर्षांत लातीरनं आणि सिबोनं एकमेकांची खुशाली कधी विचारली नव्हती. खुशाली परक्यांना विचारतात.

सिबो कुठल्याच पेपरची नोकर नव्हती. कधी गावच्या रेडिओला, कधी राजधानी बांजुलच्या पेपरला, कधी दूरदेशीच्या कुणाला बातमी द्यायची. लागली तर चार पैसे, नाहीतर वाटाण्याच्या अक्षता. पण बातमी देऊन घरी जाऊन झोपणाऱ्यातली ती नव्हती. याच बायकांना घेऊन ती मच्छी खात्याच्या पायरीवर तीन दिवस बसली होती आणि चौथ्या दिवशी साहेबाच्या टेबलावर मेलेला बोंगा मासा ठेवून आली होती. नियम तिचा एकच. ज्यानं माहिती दिली त्याचं नाव ना कागदावर, ना जिभेवर.

तिला पहिली माहिती देणारा माणूस लातीरच होता. परदेशी जहाजं किनाऱ्यालगत जाळी टाकतात, ते त्यानं तिला होडीतून नेऊन दाखवलं होतं. बातमी छापून आली आणि नाव सांग म्हणून पोलिसांनी तिला दोन दिवस कोंडलं. तिनं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी लातीर ठाण्यात हजर. फौजदार नेमका जोला निघाला.

"काय रे गुलामा," लातीर दारातूनच गरजला होता, "माझ्या एका गुलामानं दुसरीला कोंडलं आणि मालकाला विचारलंसुद्धा नाही? खोल ते कुलूप!"

फौजदार हसत सुटला आणि कुलूपही सुटलं. तेव्हापासून सिबोचा जगात कुणावर डोळे मिटून विश्वास असेल, तर तो या माणसावर. चांभाराकडं ताईत शिवायला टाकला, तेव्हा शेजारी चहा पीत हाच बसला होता. ताईतात काय आहे ते ठाऊक असलेला गावात तो एकटाच.

बारशाला मेंढा कापला होता. बाळाच्या कानात नाव सांगून झालं, बायकांनी टाळ्यांचा ताल धरला आणि लातीरनं भर अंगणात सिबोच्या गळ्यातला ताईत ओढून काढला.

"गुलामाची चीज मालकाची! सोडवून घ्यायची असेल तर नाच आधी!"

अंगण हसून लोटपोट झालं. सिबो नाचली. अगदी पदर खोचून नाचली, वर म्हणालीसुद्धा, "भातचोरा, चोरायला आता ताईतच उरला काय रे?" मासे-भाताची परात उठेपर्यंत ताईत त्याच्याकडं होता. त्यातला आवाज फोनवर उतरवून घ्यायला तेवढा वेळ पुरे. मग त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात घातला. दोऱ्याची गाठ त्यानं नवी मारली होती, हे तिला आता आठवत होतं.

शेडमधून ती तडक त्याच्या घरी गेली. लातीर अंगणात होता. शेजारी ओंडक्यावर होडीचं नवंकोरं इंजिन. त्याचं जुनं इंजिन गेले आठ महिने मेलेलं होतं आणि होडी वाळूत पडून होती, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

"ये गं गुलाम, चहा घे," तो म्हणाला, पण आवाज खोल गेलेला.

"यासाठी?" तिनं इंजिनाकडं बोट केलं.

तो चहा या पेल्यातून त्या पेल्यात ओतू लागला. मग म्हणाला, "आठ महिने, सिबो. पोरं दुसऱ्याच्या होडीवर हमाली करत होती. कारखानेवाल्यांनी एवढंच विचारलं, आतलं बोलतंय कोण. बाईला नुसतं काढतील, मारणार नाहीत म्हणाले."

"मला विचारायचंस की! इंजिनासाठी मी अख्खं बांजुल पालथं घातलं असतं!"

"तू बायकांसाठी पालथं घालतेस."

तिला रडूही आलं आणि त्याच्या कानाखाली ओढावीशीही वाटली. केसानं गळा कापला होता यानं, आणि तोही नाचवून! ती वळली तसा लातीर उठला. साठीचा माणूस, पण त्यानं गुडघा टेकला.

"एक मागतो. माझं नाव काढू नकोस. सेरेर जोलाकडं मागतोय. आणि तुझा नियमही आहे. पोलिसांनी कोंडलं तरी तू माझं नाव घेतलं नव्हतंस, आता घेशील?"

बघा माणसाची हिंमत! ज्या दोन दोऱ्या त्यानंच तोडल्या, त्याच धरून तो आता वर चढू पाहत होता. नाव घ्यावं, तर आजवर तिच्या भरवशावर बोललेली किनाऱ्यावरची सगळी माणसं उद्या म्हणतील, हिचं तोंड सुटलं. न घ्यावं, तर जैनबाच्या लेखी विकली गेली ती सिबोच. ती तशीच निघून आली.

दुसऱ्या दिवशी जैनबाच्या दारात उभं राहून तिनं तिच्यासमोर रेकॉर्डरमधले सगळे आवाज पुसून टाकले. चार महिन्यांचं काम एका बोटानं गेलं.

"कुणी केलं ते सांग," जैनबा म्हणाली.

"ते नाही सांगता येणार."

"मग तूच," असं म्हणून तिनं दार लावलं.

शुक्रवारी दुपारी सिबो परत शेडमध्ये गेली. जागा मिळणार नव्हतीच, ती खांबाला टेकून उभी राहिली. लोकांनी थुंकावं, पण आपण तोंड लपवायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. नमाज आटोपून गडी पाण्याकडं निघाले. त्यांच्यात लातीर होता, खांद्यावर नवं इंजिन. सिबोनं सोमवारपासून तोंड उघडलेलं नाही, हे त्याला कळलं असणार. तो शेडसमोर थांबला आणि पूर्वीसारखा खणखणीत ओरडला,

"काय गं गुलाम! उभी का? मालक आला म्हणून?"

बायका सवयीनं हसायला तयार होऊन सिबोकडं बघू लागल्या. आता भातचोराचा उद्धार होणार. सिबो खांब सोडून पुढं आली. तिनं दोन्ही हात जोडून छातीशी नेले.

"सलाम आलेकुम, फायकाका," ती म्हणाली. "तुम्ही बरे आहात ना?"

हसू बायकांच्या ओठांवरच राहिलं.

"अगं," लातीर म्हणाला, "काय हे—"

"घरी शांतता आहे ना, काका?"

या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. शत्रूलासुद्धा द्यावं लागतं.

"शांतताच," तो म्हणाला.

"काकूंना बरं आहे ना? मुलं बरी आहेत ना?"

"शांतताच."

"बारशाचं बाळ कसं आहे?"

जैनबाच्या हातातला मासा हातातच राहिला. तिनं लातीरकडं पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरच्या इंजिनाकडं. रंगसुद्धा अजून उडाला नव्हता त्याचा. लातीरनं इंजिन या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, पण त्याला पुढं जाता येईना. खुशाली पुरी झाल्याखेरीज कुणी निघत नाही.

जैनबानं मांडीवरचं घमेलं वाळूत पालथं घातलं, पदरानं पुसलं आणि सिबोच्या पायाशी सरकवलं. सिबो खाली बसली.

"काम बरं चाललंय ना, काका?" तिनं बसल्याबसल्या विचारलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"शांतताच," लातीर म्हणाला. तो आवाज पहिल्या रांगेतल्या बायकांनाही नीट ऐकू आला नाही.