निळ्या झग्यातली

रंगीत सिनेमा तेव्हा नवा होता आणि रंगाचा कुणालाच भरवसा नव्हता. म्हणून प्रत्येक दृश्याआधी मला कॅमेऱ्यासमोर बसवून हातात रंगांच्या पट्ट्यांची पाटी द्यायचे. माझी कातडी कातडीसारखी दिसते की भोपळ्यासारखी, ते फिल्म धुणाऱ्या लॅबमधली माणसं तपासायची आणि मग फिल्मचा तेवढा तुकडा कापून टाकायची; पडद्यावर तो कधीच यायचा नाही. पांढरा रंग कॅमेऱ्याला खुपायचा, म्हणून माझी कॉलरसुद्धा चहात बुडवलेली असायची. पाच महिने मी तशी बसले. नायिकेला माझं नावही माहीत नव्हतं.

तरी मी बाबांना कळवलं, की जुन्या इंग्रजी कादंबरीवरच्या रंगीत सिनेमात मी आहे. बाबा कॅन्ससला चर्चमध्ये प्रवचन करायचे. सिनेमा म्हणजे त्यांच्या लेखी सैतानाचं दुकान. मी हॉलिवूडला पळून आले त्याला सहा वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नव्हतं. मला फक्त दोन ओळी हव्या होत्या, शिव्या असल्या तरी चालल्या असत्या.

सिनेमा लागून महिना झाला. एके दिवशी कॅन्टीनमध्ये लॅबमधला व्हर्लिन समोर येऊन बसला.

"तुम्हीच त्या पाटीवाल्या ना? पाच महिने तुमचं तोंड बघितलंय मी. सोमवारी तुमचे डोळे लाल असायचे, माझे सगळे रंग बिघडायचे."

रविवारी बाबांना पत्र लिहिताना मला रडू यायचं. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. या शहरात माझ्याकडे नीट पाहणारं एक माणूस होतं तर. त्यानं माझ्या कापलेल्या फिल्मची एक पट्टी पुढे सरकवली. कचऱ्यात चालली होती, म्हणाला.

ही बाबांना पाठवायची, असं ठरवूनच मी खोलीवर आले. दाराखाली त्यांचं पत्र पडलं होतं. टोपी डोळ्यांवर ओढून ते तीस मैलांवरच्या थिएटरात गेले होते.

'नाचाच्या प्रसंगात खांबाशी निळ्या झग्यात तू उभी होतीस,' त्यांनी लिहिलं होतं. 'मी लगेच ओळखलं. मान अगदी आईसारखी. दुसऱ्यांदा गेलो ते तेवढ्यासाठीच.'

ती मुलगी कोण, मला आजही माहीत नाही.

पट्टी खिडकीशी धरली. मी सहा वेळा होते, चहाच्या कॉलरीत, लाल डोळ्यांची. ती मी ट्रंकेत तळाशी ठेवली आणि कागद घेतला.

'होय बाबा, निळ्या झग्यातली मीच. पुन्हा गेलात तर मी खांबाशी असेनच.'